भट्टी निवेपर्यंत

“तूच उघडलंस.”

“मी? मी बाहेरच्या खोलीत घोरत होतो, ताई.”

“घोरणारी माणसंच जास्त उपद्व्यापी असतात. बघ हा तडा.”

धाकटा बघतच होता. बायको माहेरी गेली असताना त्याने तिची लाडकी निळी फुलदाणी फोडली होती आणि तुकडे पिशवीत भरून थेट बहिणीचं दार गाठलं होतं. ताई जुन्या बाटल्यांच्या काचेतून थाळ्या करायची. सगळी गल्ली तिला भट्टीवालीच म्हणायची. तिने तुकडे वितळवून एकजीव केले, कडा घासल्या आणि चकाकी यावी म्हणून काल थाळी पुन्हा भट्टीत ठेवली. आज ती पाण्यासारखी चमकत बाहेर आली, पण मधोमध तडा घेऊन. आणि बायको दुपारच्या गाडीने येणार होती.

“तापताना तडा गेला तर कडा वितळून गोल होतात,” ताईने वर्ग सुरू केला. “हा बोट कापेल असा आहे. म्हणजे निवताना कोणीतरी झाकण उघडलं. गार वारा लागला, कारभार आटोपला.”

धाकट्याला ‘निवू द्यावं’ हे व्याख्यान तोंडपाठ होतं. ते देणारी ताई मात्र कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचायची. तिच्या कुकरने तिसरी शिट्टी कधी दिलीच नव्हती. त्याचा दहावीचा निकालसुद्धा त्याच्याआधी तीच बघून आली होती.

“हातमोज्याशिवाय झाकणाला हात लावता येत नाही ना?” त्याने विचारलं.

“नाहीच येत. तू घातला असशील.”

“खुंटीवर तर दिसत नाही.”

“मग शोध. मला काय विचारतोस?”

शोधायची गरज नव्हती. तिच्या एप्रनच्या खिशातून चामड्याची पाच जाडजूड बोटं डोकावत होती, साक्षीला उभी राहिल्यासारखी.

“ताई, हा एप्रन कधी चढवलास?”

“पहाटेच. का रे?”

तो नुसता खिशाकडे बघत राहिला. मग तिनेही खाली पाहिलं.

“एवढंच सांग,” तो हसू दाबत म्हणाला, “हिला कोण सांगणार? तू की मी?”

ताईने हातमोजा खुंटीला अडकवला. थाळी जुन्या टॉवेलात गुंडाळून काखेत घेतली, चपला सरकवल्या आणि स्टँडच्या दिशेने चालू लागली. गाडीला अजून तीन तास होते.