आल्दोच्या बहिणीसाठी शेवंती

माझे मेहुणे मुरलीधर मेलबर्नमध्ये पाण्याच्या पाइपलाइनचे इंजिनियर आहेत. ग्लेन वेव्हर्लीतल्या त्यांच्या घरी माझी बहीण रेखा सत्यनारायण घालते, तेव्हा हे बाहेर लॉन कापत असतात. तीर्थ द्यायला तिने बोलावलं की हात पुढे करून म्हणतात, "दे, साखरेचं पाणी." सोवळंओवळं, राहूकाळ, अमावस्या, सगळ्यांची थट्टा. मी आयुष्यभर हिशेबाच्या कामात मुरलेला माणूस, शिरस्त्याने चालणारा. त्यामुळे ती थट्टा माझ्याही वाट्याला येतेच.

त्यांच्या शेजारी आल्दो राहतो. मूळचा फ्लॉरेन्सचा, तरुणपणी बोटीने इकडे आलेला. आता वय ऐंशीच्या पुढे आणि हृदयाचं दुखणं, त्यामुळे डॉक्टर विमानात बसू देत नाहीत. कोविडमध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद असताना मुरलीधरांचे वडील पुण्यात वारले. अंत्यसंस्कार फोनवर पाहावे लागले. हे मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसले होते आणि कुंपणापलीकडे आल्दो टोपी काढून उभा होता, सगळं उरकेपर्यंत. पुढे काही महिन्यांत आल्दोची बहीण फ्लॉरेन्समध्ये वारली. त्यालाही जाता आलं नाही. तेव्हा मुरलीधर अलीकडच्या बाजूला उभे राहिले. दोघांची मैत्री ही अशी.

गेल्या ऑक्टोबरच्या शेवटी रेखा, मुरलीधर आणि त्यांच्याकडे राहायला आलेला मी इटलीला निघालो, तेव्हा आल्दोने एकच गोष्ट मागितली. "तिच्या कबरीवर फुलं ठेव. माझ्याऐवजी थोडा वेळ उभा राहा. मला फोटो पाठव." दफनभूमीचा पत्ता त्याच्या मुलीने फोनवर पाठवला.

"फ्लॉरेन्समध्ये पहिलं काम तेच," मुरलीधर म्हणाले.

आमचा मुक्काम रोमला होता. फ्लॉरेन्ससाठी एकच दिवस, तोही परतीच्या विमानाच्या आदला. सकाळच्या ट्रेनने उतरलो. स्टेशनबाहेरच्या फुलवालीला कबरीसाठी फुलं हवीत म्हटल्यावर तिने पांढऱ्या शेवंतीचा मोठा गुच्छ बांधून दिला.

"अगं बाई, ही तर आपण देवाला वाहतो," रेखा म्हणाली.

दफनभूमी नदीपलीकडे चढावर होती. मी फोनवर नकाशा उघडून म्हणालो, "आधी तिकडे जाऊन येऊ. मग दिवस आपलाच."

मुरलीधर थांबले. "आत्ता? आणि तिथून आल्यावर अंघोळ कुठे करायची? हॉटेल रोमला."

रेखा हसायलाच लागली. "तुम्ही? तुम्ही अंघोळीचं विचारताय?"

"विचारत नाही. पण स्मशानातून येऊन दिवसभर तसंच हिंडायचं, तसंच जेवायचं... बरं नाही वाटत. शेवटी जाऊ. तिथून थेट ट्रेन आणि हॉटेलवर पोचलं की अंघोळ."

"दादा, ऐकतोयस ना? साखरेचं पाणी म्हणणारे हेच ते."

मी ऐकत होतो. पण खरं सांगायचं तर मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग आम्ही फ्लॉरेन्स पायी पाहिलं. हिरव्या-पांढऱ्या संगमरवराचं ते प्रचंड कॅथीड्रल, मान दुखेपर्यंत पाहिलेला घुमट, पुतळ्यांनी भरलेला चौक. डेव्हिडच्या पुतळ्यासमोर रेखाने आमचे फोटो काढले. गुच्छ मुरलीधरांच्या काखेत होता. एका म्हाताऱ्या बाईने फुलांकडे पाहून छातीवर क्रॉसची खूण केली. जेवायला बसलो, तर वेटरने फुलं टेबलावरून उचलून नम्रपणे बाहेरच्या खिडकीत ठेवली. ही फुलं मेलेल्यांसाठी असतात, असं त्याने समजावलं.

"बघा, यांच्यातही आहेच," मुरलीधर खूश होऊन म्हणाले आणि कॅथीड्रलसमोरचा, गुच्छ घेतलेला आपला फोटो त्यांनी आल्दोला पाठवला. मेलबर्नमध्ये तेव्हा रात्र झालेली. लगेच उत्तर आलं: 'थँक यू, मुरली. मी जागा आहे.'

रेखाचा घास हातातच राहिला. "अहो, म्हातारा जागा बसलाय. आत्ता जाऊ या. अंघोळीचं मी बघते, बाटलीतलं पाणी शिंपडू अंगावर."

"अगं, फक्त तासाभराचा प्रश्न आहे. जुना पूल तेवढा बघू."

पूल पाहिला. पुलावरची सोन्याची दुकानं पाहिली. कातड्याच्या बाजारात त्यांना पट्टा पसंत पडेना. एक ढिला, एक घट्ट. मी दोनदा म्हटलं, "मुरलीधरराव, चला आता." प्रत्येक वेळी ते म्हणाले, "निघालोच."

चढ चढून गेलो तेव्हा ऊन भिंतींच्या वरच्या कडेला पोचलं होतं. फाटकापाशी एक माणूस साखळीला कुलूप लावत होता. मुरलीधर धावले. "प्लीज, टू मिनिट्स! फ्रॉम ऑस्ट्रेलिया!" त्याने भिंतीवरच्या पाटीवर बोट ठेवलं. हिवाळ्यात लवकर बंद करायची वेळ लागू झाली होती. किल्ली खिशात घालून तो स्कूटरवरून निघून गेला.

गजांतून आतली वाट दिसत होती. दोन्ही बाजूंना भिंतीत कबरी आणि त्यांच्यापुढे छोटे दिवे. कुठला तिचा, हे कळायला मार्ग नव्हता. मुरलीधरांनी गुच्छ फाटकाच्या पायथ्याशी ठेवला. एवढ्यात फोन वाजला. आल्दोने विचारलं होतं: 'भेटली का?'

मुरलीधरांनी लिहिलं: 'फाटक बंद झालं. सॉरी. आल्यावर सांगतो.' त्यावर काही उत्तर आलं नाही.

रोमच्या हॉटेलवर पोचल्यावर रेखाने त्यांच्या हातात टॉवेल दिला. त्यांनी तो खुर्चीवर ठेवला. "कशासाठी? आत कुठे गेलो?"

विमानात मी त्यांना म्हणालो, "ट्रेन लेट झाली म्हणून सांगा. कुणाचं काय जातंय?"

मेलबर्नला घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी ते आल्दोकडे गेले. मला म्हणाले, "तुम्ही चला बरोबर." आल्दो गुडघ्यांवर बसून टोमॅटोची रोपं लावत होता.

"सकाळी तर उघडं असतं," वर न बघताच तो म्हणाला.

"हो."

"मग?"

"ते काय झालं, ट्रेन..." मी सुरुवात केली. मुरलीधरांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"आमच्यात स्मशानातून आलं की अंघोळ करतात," ते इंग्रजीत, एकेक शब्द निवडून बोलत होते. "तोवर जेवत नाहीत, कशाला शिवत नाहीत. म्हणून मी ते काम शेवटी ठेवलं."

आल्दोचे मातीतले हात थांबले. "माझ्या बहिणीला भेटलं, म्हणून अंघोळ?"

"तिच्यामुळे नाही. कुणाच्याही..." मुरलीधरांचे कान लाल झाले होते. "आणि मी तर हे मानतही नाही, आल्दो. तुला माहीत आहे, मी नाही मानत."

आल्दोने रोपाभोवतीची माती अंगठ्यांनी दाबली. मग पहिल्यांदा वर पाहिलं.

"मानत असतास, तर मला समजलं असतं," तो म्हणाला आणि पुढचं रोप हातात घेतलं.

आम्ही तिथे उगाच थोडा वेळ उभे राहिलो.

रेखा दारातच उभी होती. "काय म्हणाला?"

"खरं तेच म्हणाला," मुरलीधर पुटपुटले आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.