कंगव्याचे बावीस दाते

मागच्या मंगळवारी संभाजीनगरच्या एका दवाखान्यात मला कंगवा ओळखता आला नाही... हे मी स्वतःच सांगतोय, म्हणजे आमच्या गावात, चौसाळ्यात कुणाला कुजबुजायची तसदी नको.

दोन महिन्यांपूर्वी मेंदूत रक्ताची गाठ अडकली. हातपाय शाबूत, नजर साफ, पण वस्तू समोर धरली की ती काय आहे तेच कळत नाही. ही पोस्टही फोनवर बोलून टाइप केलीय. काना-मात्रा मुलीकडून तपासून घेतल्या.

तपासणाऱ्या मॅडमनी एक चित्र पुढं ठेवलं. मी म्हणालो, "आडवी पट्टी, खाली बावीस रेघा, सातवी जरा आखूड." हुबेहूब काढूनही दाखवलं. "मग हे आहे काय?" म्हणाल्या... मी म्हणालो, करवत. तो कंगवा होता. पण रेघा मोजायला लावल्या मी त्यांना. बावीसच निघाल्या.

मागं माझे थोरले भाऊ बसले होते. "बघा मॅडम, ह्याला पाना कळंना अन् हा ट्रॅक्टरचं इंजिन खोलणार! दुकान बंद कर म्हणलं तर आयकत न्हाई." पुरावा म्हणून भाईजाननी पिशवीत माझ्याच दुकानातला पाना आणला होता. लांबून दाखवला. लांबट, चकचकीत, दोन्ही टोकांना खाचा... नाव काही येईना.

आठवीत शाळा सुटली. तीस वर्षं इंजिनं खोलूनच शिकलो. त्या क्षणी वाटलं, संपलं.

मॅडम म्हणाल्या, "डोळे मिटा." आणि तीच वस्तू हातात ठेवली.

"चौदा-पंधराचा पाना! पंधराचं तोंड झिजलंय, दांड्यावर अब्बांनी पाडलेली खूण हाय."

मी डोळे मिटूनच विचारलं, "इंजिनामागचा नट आजवर कुणाला दिसलाय, भाईजान? हातानंच खोलतो ना आपण?"

मॅडमनी समजावलं... नजर ठीक, माहिती ठीक, मधली वाट तुटलीय. हाताची वाट चालू आहे. ग्राइंडर आणि गाडी चालवणं बंद, पान्याला हरकत नाही.

शनिवारी दुकान पुन्हा उघडलं. ज्याला शंका असेल त्यानं इंजिन घेऊन यावं, डोळे मिटून खोलून दाखवतो. फक्त माझी हत्यारं जागची हलवू नका.

ती ज्याच्या त्याच्या खिळ्यावर लावायचं काम आता भाईजान करतात. "लई नखरे हायेत बे तुझे," म्हणत लावतात... चौदा-पंधराचा मात्र खिळ्याला न अडकवता थेट माझ्या हातात देतात.