सोबत आलेली सासू

असले अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचत आले. माझे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते. कुणी भूत दिसलं म्हणालं की ते शांतपणे म्हणायचे, "पुढच्या वेळी रीडिंग घेऊन ये." आमच्या घरात ना अंगारा, ना उतारा. त्यात मी डॉक्टर, आणि पाच वर्षं अँब्युलन्सवर. माणसं माझ्या हातात गेली आहेत. गेलेलं कुणी परत आलेलं पाहिलं नव्हतं. म्हणून हे लिहावं की नाही, यातच बरेच महिने गेले.

माझी ड्यूटी पेठ तालुक्यात. गाडीवर आम्ही दोघंच - मी आणि निवृत्तीभाऊ. आमच्याकडे ड्रायव्हरला पायलट म्हणतात, आणि पेठच्या चढउतारांवर पावसाळ्यात गाडी हाकणाऱ्याला ते नाव शोभतंही. प्रत्येक केसचा एक कागद भरावा लागतो, केसशीट. त्यात नाडी, बीपी, दिलेली औषधं, आणि शेवटी सोबतच्या नातेवाइकाचं नाव आणि सही किंवा अंगठा. तो रकाना रिकामा ठेवून चालत नाही.

भाताच्या आवणीचे, म्हणजे रोपं लावायचे दिवस होते. सकाळचे सात वाजलेले, माझी रात्रपाळी आठला संपणार, आणि कॉल आला. डोंगरातल्या एका पाड्यावर बाई आहे, पोटात दुखतंय, उलट्या होतायत. मी मनातल्या मनात चरफडले... पोटदुखीला अँब्युलन्स कशाला, असं वाटलंच. खोटं कशाला बोलू.

गाडी ओढ्याच्या अलीकडेच थांबली. पलीकडून एक माणूस बायकोला पाठीवर घेऊन पाण्यातून आला. त्याचं नाव काशिनाथ, तिचं मंदा. असेल पंचविशीची. बीपी ठीक, पोट मऊ, ताप नाही. मी साप-विंचवाचं विचारलं, तर काही चावल्याचं आठवत नाही म्हणाली. हातपाय पाहिले, खूण नव्हती. ॲसिडिटी, मी ठरवून टाकलं. इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "आता आराम पडेल. घरी न्या, पेज द्या."

काशिनाथने गाडीचं दार धरलं. "नाय म्याडम. न्याच तिला."

"अहो, काही नाहीये तिला."

"नसू द्या. न्याच."

त्याचा आवाज चढलेला नव्हता, पण हात दारावरून हलेना. शेवटी मी म्हणाले, बसा. वाटेतल्या आरोग्य केंद्रात तिला सोडायचं आणि मोकळं व्हायचं, असा माझा हिशेब होता. नेहमीचा रस्ता खचला होता, म्हणून दुसरी वाट दाखवायला काशिनाथ पुढे निवृत्तीभाऊंजवळ बसला.

मागे मी, स्ट्रेचरवर मंदा, आणि बाजूच्या बाकावर एक म्हातारी. ती कधी चढली ते मी पाहिलं नाही. बाईमाणसाबरोबर बाई येतेच, त्यात काय पाहायचं? गुडघ्यापर्यंतचं ओलं लुगडं, हातांवर गोंदण, अंगाने काडी. मी शीट भरत होते.

"आजी, तुम्ही कोण हिच्या?"

"सून हाय ती माझी."

मी लिहिलं - सोबत: सासू. अंगठा उतरल्यावर घेऊ म्हटलं.

थोडं अंतर गेलो असू. म्हातारी म्हणाली, "बाई, तिचे डोळे पाहा. उघडत नाय."

"झोप आली असेल, आजी. रात्रभर दुखत होतं ना."

"माझं बी असंच झालं व्हतं. आधी पोट, मंग डोळे, मंग गळा."

"तुमचं नंतर सांगा," मी म्हणाले. वर न पाहताच म्हणाले. पण हात आपोआप मंदाच्या पापणीकडे गेला. पापण्या अर्ध्यावर लोंबत होत्या. "मंदा, वर बघ," म्हटलं. तिने प्रयत्न केला, पापण्या उचलेनात. एका दमात आकडे म्हणायला सांगितले तर नऊला आवाज घोगरा झाला आणि अकराला थांबला.

मण्यार. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते, बहुतेक वेळा खूणसुद्धा दिसत नाही, आणि सकाळी माणूस पोट धरून उठतो. मग पापण्या, मग घसा, मग श्वास. हे मी शिकले होते. पावसाळ्यात पेठमध्ये काम करणाऱ्या डॉक्टरला हे झोपेतही आठवायला हवं.

मी मधली काच ठोकली. "भाऊ, केंद्रात नाही, सरळ तालुक्याला घ्या. साप आहे." फोन करून सापाच्या विषावरची लस आणि व्हेंटिलेटर तयार ठेवायला सांगितलं. चढावर मंदाचा श्वास उथळ झाला, मग थांबला. तोंडावर मास्क दाबून हाताने पिशवीतून हवा देत राहायचं, एवढंच करता येतं. पण त्यात एक अडचण असते. एक हात मास्कवर, एक पिशवीवर, आणि प्रत्येक वळणाला पेशंटचं डोकं कलंडतं. डोकं कलंडलं की हवा आत जात नाही.

त्या दिवशी डोकं कलंडलं नाही. म्हातारी स्ट्रेचरच्या डोक्याशी येऊन बसली आणि तिने दोन्ही तळव्यांत सुनेचं डोकं धरून ठेवलं. तिच्या मनगटावरचं गोंदण माझ्या हाताला लागून होतं. पंचवीसएक मिनिटं आम्ही दोघी तशाच होतो. 

रुग्णालयात पोचलो, मंदाला आत घेतलं, नळी घातली, लस सुरू झाली. मग मी शीट घेऊन बाहेर आले. "भाऊ, आजी कुठे गेल्या? अंगठा राहिलाय."

निवृत्तीभाऊ माझ्याकडे पाहत राहिले. "कोण आजी, मॅडम? मागचं दार मी स्वतः लावलं आणि मीच उघडलं. तुम्ही दोघीच होता."

"सासू होती तिची."

काशिनाथ तिथेच भिंतीला टेकून बसला होता. त्याने मान वर केली. "आई वारली म्याडम. दोन पावसाळे झाले. अशीच पोटात दुखून." मग थांबून म्हणाला, "तवा बी गाडी आल्ती. सुई दिली, म्हनल्या आराम पडंल."

मी शीट घडी करून खिशात घातली. 

मंदा चौथ्या दिवशी स्वतः श्वास घ्यायला लागली. त्याच संध्याकाळी मी जुन्या शीटचे गठ्ठे काढले. दोन पावसाळ्यांपूर्वीची शीट सापडली. पाडा तोच, रुग्ण वय अंदाजे साठ, तक्रार पोटदुखी. ‘ॲसिडिटी. इंजेक्शन दिले.’ खाली ‘रुग्णालयात नेण्यास नातेवाइकांचा नकार’ आणि अंगठा. अक्षर माझं होतं.

आता हे सांगायलाच हवं. नकार त्यांनी दिला नव्हता. पेशंट न्यायची गरज वाटली नाही, तर केस बंद करायला आम्ही कधीकधी तसं लिहितो. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापुढे कागद धरतो आणि ‘इथे अंगठा द्या’ म्हणतो. मी लिहिलं होतं, आणि विसरून गेले होते.

मैत्रिणी म्हणतात, तुझ्या मनानेच ती म्हातारी उभी केली. विसरलेलं आत कुठेतरी असतंच. असेल बाई. पण मग डोकं कुणी धरलं होतं? माझे दोनच हात आहेत.  वडिलांना रीडिंग देण्यासारखं काही नाही.

सुट्टीच्या दिवशी मी पाड्यावर गेले. मंदा अंगणात नाचणी पाखडत होती. मला पाहून उठायला लागली, मी खाली बसवलं. काशिनाथला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमच्या आईच्या वेळी आलेली डॉक्टर मीच होते. त्या कागदावर मी खोटं लिहिलं होतं."

"तुमीच व्हत्या, म्हाईत हाय," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"वढ्यावर तुमी गाडीतून उतरल्या तवाच वळखलं."

मला रडू आलं. मी विचारलं, "मग बोलला का नाहीत काही?"

तो रागावलेला दिसत नव्हता, त्याचंच मला जास्त लागलं.

"बायको तुमच्या गाडीत व्हती, म्याडम," तो म्हणाला. "बोलून काय करू?"