पोथी, मिस्ड कॉल आणि पाडव्याची मुदत

एखादी गोष्ट टिकवायला निघालं की ती टिको न टिको, किस्से मात्र भरपूर साठतात. आमच्या घरात ते पोथीवरून साठले. आता कुणाच्या लग्नाला सगळे जमलो की जेवणं उरकायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "ताईचा लॅपटॉप काढू का?" आणि सगळे माझ्याकडे बघून हसायला लागतात.

ती ताई म्हणजे मी. शिकले बंगळूरला. परत आले ती वरवंडजवळच्या आमच्या वस्तीवर काहीतरी करून दाखवायचंच, असं ठरवून. आबा, म्हणजे माझे आजोबा, रोज संध्याकाळी पोथीतला एक अध्याय वाचायचे आणि अर्थ सांगायचे. घरात मेंढरं होती तेव्हापासूनची ही रीत. मेंढरांचा तळ कुठंही पडो, अध्याय चुकायचा नाही. मी आले तेव्हा मात्र ऐकायला एकटी काकी उरली होती. तिची पोरं, दहावीतली मनीषा आणि अकरावीतला विकी, दिवेलागणीला बरोबर गायब व्हायची.

आबांनी मुदतच घातली होती. "दिवाळीच्या पाडव्यापतूर बघतो. तवर दोघांतल्या एकानं जरी आपणहून पोथी मागितली, तर राहील घरात. न्हाईतर देवळात देऊन टाकतो. तिथं वाचणारं कुणीतरी घावंल."

ते चिडून बोलले असते तर मी मनावर घेतलं नसतं. पण ते अगदी शांतपणे बोलले. मग मी कामाला लागले.

*

सुरुवात लॅपटॉपपासून. मी एकेका ओवीची स्लाइड केली. मागे डोंगर, झाडं, आणि अक्षरं चारी बाजूंनी उडत येऊन जागेवर बसायची. पोरं जमली, हे कबूल करायला हवं. आबांनी चष्मा सारखा करत दोन-चार ओव्या बघितल्या.

"बया, ही अक्षरं अशी कुठनं पळत येत्यात?"

"ॲनिमेशन आहे, आबा. त्यानं मुलांचं लक्ष लागतं."

"पोरांचं लागत आसंल," आबा म्हणाले. "त्या अक्षरांचं कुठं लागतंय?"

*

मग मिस्ड कॉल. ठरलं असं, की आबांनी वाचायला बसायच्या आधी विकीला मिस्ड कॉल द्यायचा आणि त्यानं असेल तिथून निघायचं. आबा रोज नेमानं द्यायचे. विकी काही यायचा नाही. म्हणायचा, "मला आलाच न्हाई."

एके दिवशी उलट फोन आला. "बाबूजी, आप रोज शाम को मिस्ड कॉल क्यों देते हैं?"

आबांनी एक आकडा चुकीचा लिहून घेतला होता. पलीकडे सणसवाडीत खोली घेऊन राहणारा, कंपनीत काम करणारा उत्तरेकडचा माणूस. आबांनी त्याला आपल्या हिंदीत समजावलं, "पोथी चालू होती है. इसलिए बुलाता हूं."

तो म्हणाला, "आज मेरी छुट्टी है. फोन चालू रखिए, सुनता हूं."

त्यानं पूर्ण अध्याय ऐकला. आबांनी फोन ठेवला आणि तेवढ्यात घरात शिरलेल्या विकीला म्हणाले, "त्याला मराठी येत न्हाई आन् तुला टाइम न्हाई. दोघांत अडाणी कोण, तूच सांग."

*

दौंडला आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. अध्याय चुकू नये म्हणून मी आदल्या दिवशी पोरांना समोर बसवून त्यांचं वाचन मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवलं. ते दवाखान्यात असताना संध्याकाळी पाटावर पोथी ठेवली, शेजारी मोबाइल. काकीनं दोघांना दटावून बसवलं.

आबांचा आवाज छान चालला होता. मध्येच मोबाइल गरजला, "विक्या, पाय आवर. पोथीकडं पाय करतोय व्हय?"

विकीनं झटकन पाय ओढला. मनीषा पोट धरून हसायला लागली.

"आगं, तो कालचा आवाज हाय," विकी ओशाळून म्हणाला.

काकी म्हणाली, "मग पाय आजबी तिथंच का व्हता?"

*

त्याच रेकॉर्डिंगचा एक तुकडा मनीषानं गुपचूप विकीच्या फोनला रिंगटोन म्हणून लावला. विकी कॉलेजात. सर फळ्यावर ताळेबंद समजावून वळले आणि शांत वर्गात आबांचा आवाज घुमला, "आता सांगा, कुणाला काय कळलं?"

मागच्या बाकावरून दोघं-तिघं एकदम बोलले, "काय न्हाई."

सरांनी फोन काढून घेतला. तास संपल्यावर परत देताना म्हणाले, "हे मला पण टाकून दे. रोज लागतं."

*

आणि पाडवा उजाडला. आबांनी पोथी नव्या फडक्यात बांधली, संध्याकाळी देवळात न्यायला. आदल्या संध्याकाळी काकीनं दोघांना दटावून बसवलं होतं; त्या अध्यायात गुरू शिष्याला दार राखायला सांगतात, आणि तो तहानलेल्या वासराला पाणी पाजायला उठून जातो. मी शेवटचा उपाय म्हणून सकाळीच दोघांना एसएमएस टाकला: शिष्याचं बरोबर की चूक?

कुणाचंच उत्तर आलं नाही. त्यात दोघांचा फटाक्यांवरून अबोला. विकी त्याच्या खोलीत, मनीषा काकीचा फोन घेऊन आतल्या खोलीत.

"बोलत न्हाईत आन् सकाळपास्नं टिंगटिंग कसली चाललीय?" काकी वैतागून म्हणाली.

ऊन उतरलं. आबांनी टोपी घातली, पोथी छातीशी धरली आणि ओट्यावर चपला शोधायला लागले.

इतक्यात विकी फोन हलवत बाहेर आला. "ताई, सणाच्या दिवशी एसएमएस पॅक चालत न्हाई व्हय? मनीषाला मेसेज करून सगळा बॅलन्स गेला माझा."

आतून मनीषा ओरडली, "हरलाय, म्हणून बॅलन्स गेला म्हणतोय. दार सोडून जाणं चूकच."

"आन् वासरू मेलं आसतं म्हंजी?"

"चोर शिरला आसता म्हंजी? गुरू रागावलेच त्याच्यावर." मनीषाही बाहेर आली.

"कुठं रागावले? थांब, दावतोच तुला. आबा, द्या ती पोथी इकडं."

"माझ्याकडं द्या आबा, हा पान दडवंल."

दोघांचे हात एकदम फडक्याच्या गाठीवर गेले. आबांनी पोथी मागे घेतली. एकदा याच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे.

"आधी हात धुऊन या," ते म्हणाले.