देवळात न जाणारे सहा जण

आमच्या कचेरीत संगणक यायचा होता, तेव्हा आधी त्याच्यासाठी एक खोली रंगवली, मग तिला थंड हवेचं यंत्र बसवलं, आणि दाराबाहेर पाटी लावली: चपला बाहेर काढाव्यात. गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन काही वर्षंच झाली होती. निम्म्या कचेऱ्या भाड्याच्या घरांत होत्या, साहेबांच्या डोक्यावरचा पंखा दिवसभर कुरकुरत असे, आणि या यंत्राला मात्र भर वैशाखात गारवा. मी तिथे कनिष्ठ लिपिक होते. टंकलेखन बरं म्हणून मला पंधरा दिवस नागपूरला शिकायला पाठवलं आणि परत आल्यावर त्या खोलीची किल्ली माझ्याकडे आली.

कामाच्या दिवशी वीज धड टिकत नसे, म्हणून आकडे भरायचं काम मी रविवारी करायची. रिकाम्या कचेरीत बाईमाणूस एकटं कसं बसणार, म्हणून बाबा सोबत येत. बाबा सावली गावाकडच्या एका खेड्यातले, जन्मभर जंगलपट्टीतल्या शाळांमध्ये मास्तर. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले होते. भात आणि लाखोळीच्या डाळीचा डबा घेऊन, चपला काढून, शाल गुंडाळून ते माझ्या शेजारी बसत. बाहेर लोक उन्हानं करपत असताना माझे वडील आत काकडत बसलेले असत, आणि मला त्याचं फार हसू येई.

नागपूरच्या शिकवणाऱ्यांनी निघताना मला दोन काळ्या फ्लॉप्या आणि एका हस्तपुस्तिकेची झेरॉक्स दिली होती. म्हणाले, "हा एक खेळ आहे. आम्हाला कुणालाच जमला नाही." झालं. मला जमणार नाही असं कुणी म्हटलं की माझं डोकं सटकतं, आणि ते कशामुळे जमत नाही हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. आकडे भरून झाले की फ्लॉपी आत. साहेबांना हे ठाऊक होतं का, असं विचाराल तर मला आठवत नाही.

खेळ असा: जमिनीखाली दहा मजल्यांचा भुलभुलैया. आपण सहा जणांची टोळी करायची, लढवय्ये, मांत्रिक, पुजारी अशी, आणि खाली उतरायचं. काळ्या पडद्यावर हिरव्या रेघांच्या भिंती, आणि समोर कोण आलं ते इंग्रजीत लिहून येई. बाबा शब्दकोश मांडीवर घेऊन बसत. गडी मेला की यंत्र ते लगेच फ्लॉपीवर लिहून ठेवी. चूक झाली म्हणून मागे जायची सोय नव्हती.

गडी तयार करताना यंत्रानं पहिलाच प्रश्न विचारला, हा कोणत्या वंशाचा? माणूस, बुटका, वनवासी असे चार-पाच पर्याय होते, आणि प्रत्येकाला जन्मतःच कमी-जास्त बुद्धी, बळ ठरवून दिलेलं.

"इथीबी आधी हेच सांगा लागते?" बाबा चष्म्यावरून बघत म्हणाले.

"सांगा लागते, बाबा. त्यावरून ठरते कोन काय करू शकते ते."

"सहाच्या सहा माणूस लिही."

हस्तपुस्तिका सांगत होती की असं करू नका, मांत्रिकासाठी दुसरे वंश चांगले. पण आमचे सहाही माणूस झाले. पुजारी हा शब्द बाबांना चालेना, म्हणून त्याला आम्ही वैद्य म्हणू लागलो. सहापैकी मांत्रिक माझा. त्याला मी माझंच नाव दिलं.

खरी अडचण पुढे होती. जखमी किंवा मेलेल्या गड्यांना घेऊन वर गावात यायचं, तिथल्या देवळात दान टाकायचं, की पुजारी त्यांना बरं करी, मेलेल्यालासुद्धा उठवी. सगळे खेळणारे तेच करत. बाबा म्हणाले, "नाई." छप्पन साली त्यांनी धम्म स्वीकारला होता आणि त्यानंतर ते कोणत्याही देवळाची पायरी चढले नव्हते. मार्कंड्याच्या देवळाच्या जत्रेला शाळेची सहल निघाली की ते मुलांना नदीवर पोचवून स्वतः वाळूत बसून राहत. आता या हिरव्या रेघांच्या देवळातही आमची टोळी जाणार नव्हती. मी हसले, चिडले, समजावलं की हा नुसता खेळ आहे. "खेळ हाये ना? मंग खेळातबी खरं वागू," ते म्हणाले.

तर आमचे गडी सरायीत आठवडेच्या आठवडे झोपून बरे होत. त्यात त्यांचं वय वाढे. मेलेले मेलेलेच राहत आणि त्यांच्या जागी नवे घ्यावे लागत. आधीच अवघड असलेला खेळ आम्ही दुप्पट अवघड करून ठेवला होता. तरी आम्ही चौथ्या मजल्यापर्यंत पोचलो, ते बाबांमुळे. चौकटीच्या वहीत ते नकाशा काढत आणि दर चार पावलांनी मला थांबवून मागे वळायला लावत. जंगलातून शाळेला जाताना त्यांना लागलेली ही सवय. जाताना मागं पाहून ठेवायचं, कारण येताना तीच वाट वेगळी दिसते. मला वाटे उगीच वेळ घालवतात, पण आमची वाट एकदाही चुकली नाही. नकाशात कुठे जागा कोरी राहिली की तिथे काय असेल यावर आम्ही सोमवार-मंगळवारपर्यंत बोलत असू.

त्याच सुमारास नागपूरहून पत्र आलं. तिथल्या एका संस्थेत मी अर्ज केला होता; संगणकाची आज्ञावली लिहिण्याच्या कामावर माझी निवड झाली होती. पण त्यासाठी इथली कायम नोकरी सोडायची, ज्येष्ठता सोडायची, तोंडावर आलेली बढती सोडायची, आणि तिथे वीस-बावीस वर्षांच्या पोरांच्या रांगेत सगळ्यात शेवटी उभं राहायचं. मी तिशी ओलांडलेली. उत्तर महिनाअखेर हवं होतं. मला जायचं होतं, इतकं जायचं होतं की पत्र मी पाठ केलं होतं. बाबांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "कायम नोकरी हाये, बाई." त्यांचा शब्द मोडून मी आजवर काही केलं नव्हतं, म्हणून मी पत्राला उत्तर लिहिलं नाही.

त्या रविवारी खेळात एक नवी गोष्ट सापडली. गड्याला आपला पेशा बदलता येत होता. लढता लढता गडी एकेक पायरी वर चढत, तसा माझा मांत्रिक नवव्या पायरीवर होता. त्याला वैद्य केलं तर टोळीत दोन वैद्य होणार, आणि देवळाशिवाय आमचं तेवढ्यावरच भागत होतं. अट एकच: तो पुन्हा पहिल्या पायरीवर येई, बळ, बुद्धी सगळं खाली घसरे, वय वाढे. शिकलेले मंत्र तेवढे राहत.

बाबांनी तो परिच्छेद शब्दकोश घेऊन तीनदा वाचला. "नवव्या पायरीवरून पयल्या पायरीवर? कोनता शायना मानूस असं करते?"

"शिकलेलं राह्यते, बाबा."

"अन् कमावलेलं?"

आम्ही कशाबद्दल बोलतोय ते दोघांनाही कळत होतं. माझा संताप झाला. मी त्यांच्याकडे न बघता कळ दाबली. माझा गडी वैद्य झाला, पहिल्या पायरीचा.

पुढचे दोन रविवार मजेत गेले. नवा वैद्य दुबळा होता, पण त्याच्याकडे जुने मंत्र होते, त्यामुळे तो विचित्र वेळी उपयोगी पडायचा. बाबा मनाविरुद्ध त्याच्याकडे लक्ष देऊ लागले. "आता कितवी?" असं हळूच विचारत. चौथी, मग पाचवी.

महिन्याचा शेवटचा रविवार. तिसऱ्या मजल्यावर, नकाशातल्या कोऱ्या जागेत, एक प्रचंड सरपटणारा प्राणी निघाला. त्याने एकदाच फुंकर मारली. पाच जण वाचले. माझ्या नावापुढे यंत्राने लिहिलं: मृत.

त्याचं प्रेत घेऊन आम्ही वर गावात आलो. देऊळ, सराय, नवीन भरती, असे पर्याय पडद्यावर आले. माझं बोट देवळावर होतं.

"एक डाव, बाबा."

"नाई."

"तुमच्या हट्टापायी मेला तो! देवळात गेलो असतो तं मले पेशा बदलाच लागला नसता." मला रडू येत होतं, आणि एका फ्लॉपीतल्या माणसासाठी रडू येतंय याचा रागही.

"मेला तं मेला," बाबा म्हणाले. "नवा घे. पयल्यापासून."

"पयल्यापासून?" मी जवळजवळ ओरडलेच. "तुमीच म्हनता ना, शायना मानूस पयल्यापासून सुरू करत नाई म्हनून?"

बाबांनी शाल घट्ट केली. मी इतक्या मोठ्याने त्यांच्याशी कधी बोलले नव्हते आणि मला आता त्याची भीती वाटत होती.

"छप्पन साली मी नागपूरले निंगालो," ते म्हणाले, "तवा माया बापानं मले हेच म्हटलं होतं. शिकून राह्यला, जातीची सवलत भेटून राह्यली, गावात चार लोक बोलून राह्यले. सारं सोडून पयल्यापासून काऊन? हात धरला होता त्यानं माया."

"मंग?"

"मी बापाचं आयकलं नाई." त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. "तू काऊन आयकून राह्यली?"