साखळीबाहेरची सातवी

"माझा गुरुवार आहे. शिवू नकोस."

एवढंच बोलली शोभा. भर मैदानात. उल्हासनगरच्या कॅम्पातलं पब्लिक चहूबाजूंनी ओरडतंय, आमच्या सातजणींपैकी तिघीच उरल्यात, आणि आमची कॅप्टन स्वतःचा हात पाठीमागे लपवून मला सांगतेय, शिवू नकोस.

चढाईवाली आत खोल घुसलेली. परत जायला तिला एकच फट होती, माझ्या आणि शोभाच्या मधली. दोघींनी हात धरले असते तर ती आमची होती. मी हात पुढे केला होता. तो तसाच राहिला, हवेत. त्या फटीतून ती पोरगी गेली. जाता जाता माझ्या खांद्याला एक टप्पल, शोभाच्या पाठीला एक, आणि मधली रेषा पार. दोघी बाद. पब्लिक हसलं. का हसलं ते त्यांनाही माहीत नसेल, पण माझ्या कानात ते हसू आजही आहे.

नशीब, वेळ संपत आली होती. एका गुणाने वाचलो आणि फायनलला गेलो. पण आम्हाला शिकवणारे सर धावत आले ते माझ्यावरच.

"हात दाखवून अवलक्षण! तुला साखळीत जायला कोणी सांगितलं? तुझी जागा मधली. मेलीस तरी मधेच मरायचं."

शोभाला एक शब्द नाही. तिच्या पाठीवरची माती झटकली त्यांनी, स्वतःच्या हाताने.

ज्यांनी कबड्डी खेळली नाही त्यांच्यासाठी सांगते. पकडीच्या वेळी सातजणी एकेकट्या उभ्या नसतात. जोडीजोडीने हात धरून उभ्या असतात. त्याला साखळी म्हणायचं. एकीला धक्का बसला की दुसरी तिला सावरते, आणि चढाईवाली मधे आली की दोघींचे हात तिच्या आडवे येतात. सातजणींच्या तीन जोड्या होतात आणि एक उरते. आमच्या संघात ती उरलेली मी होते. कायम मीच.

मी अंबरनाथची. आमची बौद्धवाडी. वडील लवकर गेले, आई एमआयडीसीत पॅकिंगला. शाळेच्या सामन्यात सरांनी मला बघितलं आणि स्वतः घरी आले. बदलापूरला शिरगावच्या पुढच्या एका गावातल्या मंडळाला ते शिकवायचे. मैदान म्हणजे शोभाच्या बापाचं खळं. शेती त्यांची, मंडळ त्यांचं, कप ठेवायचं कपाटसुद्धा त्यांच्याच ओटीवर. मला काय त्याचं? मला खेळायचं होतं. आणि सर म्हणाले होते, जिल्ह्याला निवड झाली की कंपन्यांचे संघ बोलावून नोकरी देतात. आईचे हात बघितले असतेत तर तुम्हालाही कळलं असतं, ती नोकरी मला किती हवी होती. पुठ्ठ्याने चिरून चिरून तिची बोटं कायम चिकटपट्टीत गुंडाळलेली असायची.

पहिल्याच आठवड्यात सरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "तुझी घोट्याची पकड अशी आहे की तुला साखळीची गरजच नाही. बाकीच्यांना आधार लागतो. तू वाघीण आहेस. तू मधे सुटी उभी राहायचं. कितीही जणी बाद होवोत, तू जागा सोडायची नाही."

मी फुगले. काय सांगू तुम्हाला, दोन वर्षं मी वस्तीत छाती काढून फिरले. मैत्रिणींना सांगायचे, आमच्या संघात सगळ्या हात धरून उभ्या राहतात, मी एकटी उभी राहते. सरांचा खास डाव आहे. विहारात बायका जमल्या की त्यांनाही सांगायचे. त्या कौतुक करायच्या. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं आणि मी वर बसून हरभरे खात होते.

आता आठवलं की अंगाची लाही होते. मी घोटा धरून खाली पडले की बाकीच्या चढाईवालीवर झेपावायच्या. पकड पुरी झाली की एकमेकींना हात देऊन उठवायच्या. मी आपली आपण उठायचे. मला वाटायचं, वाघिणीला कशाला कोण उठवेल? सामना जिंकला की गळ्यात गळे घालायच्या, आणि मला लांबून "मस्त गं, मस्त!" बास. मस्त गं! त्या 'मस्त'वर मी आठवडा काढायचे.

आणि गुरुवार म्हणाल तर मार्गशीर्षातला होता, खरं आहे. उपास होता तिचा. पण त्याच सामन्यात समोरच्या संघातल्या पोरीच्या कंबरेला तिने मिठी मारली होती, दोनदा. त्या पोरीची जात विचारली होती का? तिच्यासाठी गुरुवार नव्हता, माझ्यासाठी होता.

त्या संध्याकाळी घरी आले. आई चुलीपुढे. मी सगळं सांगितलं. वाटलं, आई पेटून उठेल, शिव्या घालेल. ती नुसती भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं तुला ठावं हाय."

"काय ठावं?"

"त्यास्नी तुझी पकड पायजे. तू नको. पहिल्याच म्याचला दिसलं मला."

"मग बोलली का नाहीस गं?"

"खुश हुतीस."

मी भांडी आदळली. रडले. आईवर ओरडले, ज्यांच्यावर ओरडायला हवं होतं ते लांब होते म्हणून. दोन वर्षं माझी आई सामन्याला येऊन रेषेजवळ बसायची, टाळ्या वाजवायची, आणि तिला सगळं दिसत होतं. लेकीला नोकरी लागेल म्हणून तिने डोळ्यांदेखत ते गिळलं. सरांनी केलं त्याहून हे मला जास्त लागलं. माझ्यासाठी माझ्या आईला गप्प बसावं लागलं.

झोपायच्या आधी आई म्हणाली, "उद्या गप खेळ. नाव जाऊ दे जिल्ह्याला. मग थुक त्यांच्यावर."

शहाणपणाचं होतं तिचं बोलणं. जग असंच चालतं. मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फायनल. मैदान तेच. सर सकाळपासून गोड. "कालचं विसर बाळा. जिल्ह्याचे निवडवाले आलेत, तुझं नाव मी सांगून ठेवलंय. फक्त आपली जागा धरून राहा." शोभाही हसली माझ्याकडे बघून. काल जसं काही झालंच नव्हतं.

संघ उभा राहिला. तीन जोड्यांनी हात धरले. मधे माझी मोकळी जागा, तिथल्या मातीवर माझ्या पायांसाठी कुणीतरी फुलीसुद्धा मारून ठेवलेली. मी त्या फुलीकडे बघितलं. रेषेजवळ आई बसली होती, टाळीसाठी हात तयार ठेवून. आणि माझं डोकंच फिरलं. हो म्हणाले होते आईला, पण पाय त्या फुलीवर पडेना.

मी शोभासमोर गेले. हात पुढे केला.

"आज शुक्रवार आहे. धर."

ती सरांकडे बघायला लागली. तिच्या जोडीदारणीने मान खाली घातली. पाचही जणी गप्प! दोन वर्षं एका मैदानावरची माती खाल्लेल्या.

सर बाहेरून दबक्या आवाजात, "नाटकं नकोत. मधे जा."

"तिने हात धरला की जाईन."

"जिल्ह्याला जायचंय ना तुला?"

जायचं होतं. फार जायचं होतं. पंच घड्याळ बघत होते. मी हात तसाच ठेवला. शोभाने दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि तोंड फिरवलं. मग मी मोठ्याने बोलले, पंचांना ऐकू जाईल असं, निवडवाल्यांना ऐकू जाईल असं.

"ही माझा हात धरत नाही, कारण मी महाराची आहे असं हिला वाटतं. मी बौद्ध आहे. आणि मी या संघात खेळत नाही."

रेषेबाहेर गेले आणि आईच्या शेजारी बसले. तिने माझा हात घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला. चिकटपट्टीची बोटं. सामना संपेपर्यंत सोडला नाही.

कुणी उठून माझ्या बाजूने बोललं नाही. पंचांनी शिट्टी वाजवली, सरांनी बदली पोरगी आत घेतली. तिला मात्र हात मिळाला, हां! सातवीला मधे सुटं सोडायचा तो खास डाव त्या एका मिनिटात बदलला. तिघीतिघींच्या दोन साखळ्या आणि शोभा एकटी कोपऱ्यात. इतकं सोपं होतं ते.

आणि त्या जिंकल्या. माझ्याशिवाय जिंकल्या. गोष्टीत होतं तसं काही झालं नाही. शोभाचं नाव जिल्ह्याला गेलं, पुढे तिला कंपनीत नोकरी लागली. मी आनंदनगरच्या एमआयडीसीत पॅकिंगला लागले, आईसारखी. माझीही बोटं चिरली. कधीकधी कामाची पाळी संपवून घरी येताना वाटायचं, काय मिळवलंस गं? एक चढाई गप्प बसली असतीस तर? मग ती फुली आठवायची.

पाच-सहा वर्षांनी विहारामागच्या मोकळ्या जागेत वस्तीतल्या पोरी गोळा केल्या. दगड वेचले, चुन्याने रेषा मारल्या. पहिले काही दिवस ना चढाई, ना पकड. नुसतं हात धरून उभं राहायचं. पोरी कंटाळायच्या. "ताई, बोअर होतंय यार, खेळायला कधी देणार?" मी म्हणायचे, "आधी हात." माझ्या संघात दोन जोड्या आणि मधे तिघींची साखळी. कुणीच सुटी नाही. तिघींच्या मधलीचे दोन्ही हात अडकतात, तिला पकड करता येत नाही, हे मला कळत नाही असं समजू नका. कबड्डीतलं शेंबडं पोरगंही सांगेल.

परवा एका स्पर्धेला सर भेटले. केस पांढरे, गळ्यात पाहुण्यांचा बिल्ला. माझा संघ बघून जवळ आले, माझ्या पोरींसमोर लाडाने म्हणाले, "अगं, मधलीला मोकळी सोड. तुला नव्हती का मी सोडली? म्हणून तर एवढी तयार झालीस."

अजून तेच. तोंडात तीच साखर. त्यांना वाटत होतं मी पाया पडेन.

"सर, तुम्ही मला वाळीत टाकलं होतं. आणि वर त्याला वाघीण म्हणालात."

"इतकी वर्षं झाली गं आता..."

"झाली. रेषेच्या बाहेर व्हा. माझा संघ उभा राहतोय."

ते गेले. कुणाला तरी सांगत गेले, उद्धट आहे, म्हणून मागे राहिली.

त्या दिवशी आम्ही हरलो. तिघींच्या साखळीतूनच फुटलो. पोरी रडल्या, एकजण म्हणालीसुद्धा, "ताई, मी राहते ना सुटी, मला चालेल." तिला जवळ बसवून मी सगळं सांगितलं, गुरुवारसकट, फुलीसकट. माझी आई जे बोलली नव्हती ते मी माझ्या पोरींपासून लपवणार नाही.

उद्या पुन्हा सराव आहे. साखळी तीच लागणार. हरलो तर सातजणी हात धरून हरू. त्यातल्या एकीला बाहेर काढून कुणी मला कप देऊ केला, तर तो कप मी त्याच्या अंगावर फेकीन.