चव्वेचाळीस श्वास

"गप्प. कुणी बोलायचं नाही." एवढं म्हणून सिस्टर मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला फिरवायच्या, पोराचं झबलं छातीपर्यंत वर करायच्या आणि त्याच्या पोटाकडे बघत राहायच्या. पूर्ण एक मिनिट. मग आकडा सांगायच्या. तुम्हीही कधी तापलेलं पोर मांडीवर घेऊन दवाखान्यात बसला असाल, तर ते मिनिट किती लांब असतं हे मी वेगळं सांगायला नको.

उल्हासनगर कॅम्प एकमधल्या एका धर्मादाय दवाखान्यात मी केसपेपर लिहायचे. नव्वदच्या आसपासची गोष्ट. सिस्टर बदलापूरहून यायच्या. आल्या आल्या शिपायाला "जयभीम", डॉक्टरांना "गुड मॉर्निंग" आणि मला "ए केसपेपर, किती जमले?" माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण त्या नावाने त्यांनी मला कधी हाक मारली नाही. मलाही त्याचं काही वाटत नसे.

थंडी सुरू झाली की बाकांवर नुसता खोकला बसलेला असायचा. आलेल्या प्रत्येक बाईला इंजेक्शन हवं असे. "सिस्टर, सुई तो लगवा दो. ऐसे ही वापस जाऊँ क्या?" सिस्टर तिच्याकडे न बघताच म्हणायच्या, "व्हायरस सुई से नहीं डरता, अम्मा. तेरा बच्चा डरता है." सर्दी-खोकल्याची बहुतेक पोरं व्हायरसनेच आजारी असतात, चार-पाच दिवसांत आपोआप सुधारतात, असं त्या प्रत्येकीला न कंटाळता सांगत. फार थोड्यांच्या छातीत ते उतरतं. ती थोडी पोरं शोधायची तर श्वास मोजायचे, दुसरा उपाय नाही. वर्षाच्या आतलं पोर मिनिटात पन्नास किंवा जास्त श्वास घेत असेल, तर त्या पेपरवर लाल रेघ मारून त्याला लगेच डॉक्टरांकडे आत पाठवायच्या. बाकीच्यांना "व्हायरल आहे, घरी जा, अंगावर पाजत राहा."

एकच भानगड होती. रडणाऱ्या पोराचे श्वास मोजून उपयोग नसतो, ते तसेही धापा टाकत असतं. मग सिस्टर त्याला परत बाकावर पाठवायच्या. "रडतंय. शांत कर, मग आण." एक पोर रडलं की दुसरं सुरू व्हायचं, रांग माझ्या खिडकीपाशी तुंबायची आणि शिव्या मला बसायच्या. सिस्टरना कोण बोलणार?

म्हणून मी एक शहाणपणा केला. नेहमीच्या बायकांना हळूच सांगू लागले, "निघताना खोकल्याचं सिरप चमचाभर पाजून आणा. पोर पेंगतं, नंबर लवकर लागतो." रांग सरसर हलू लागली. सिस्टर खूश. "यंदाची पोरं गुणी आहेत गं, केसपेपर," असं एकदा म्हणाल्यासुद्धा. मी मान खाली घालून हसले.

त्याच थंडीत माझी मुलगी आजारी पडली. आठ महिन्यांची होती. तेव्हा मुंबईच्या एका प्रयोगशाळेला ओपीडीतल्या पोरांचे घशातले नमुने हवे होते, कुठले व्हायरस फिरताहेत ते बघायला. सिस्टर कापसाची काडी घशात फिरवून बाटलीत घालत आणि बाटली बर्फाच्या फ्लास्कमध्ये ठेवत. त्या दिवशी मी मुलीला कामावर घेऊनच गेले. जाण्याआधी तिला सिरप पाजलं. दुसऱ्यांना शिकवलेलं स्वतः केलं, आणि घाईत जरा जास्तच केलं.

घशात काडी घातली तेव्हाही तिने फारसा आवाज काढला नाही. सिस्टरनी झबलं वर केलं. मिनिट संपलं. "चव्वेचाळीस. व्हायरल आहे. घरी जा, रजा मी सांगते." तरी त्या क्षणभर तिच्या किंचित फुलणाऱ्या नाकपुड्यांकडे बघत राहिल्या. मी पोरीला उचललं आणि अंबरनाथ पूर्वेला घरी आले.

संध्याकाळी पाचला दारात सिस्टर उभ्या. घरी जाता जाता मध्येच उतरल्या होत्या. "त्या नाकपुड्या डोक्यातून जाईनात," म्हणाल्या आणि चपला काढता काढताच पोरीकडे गेल्या. सिरपचा अंमल केव्हाच उतरला होता. पोरीच्या बरगड्यांखाली दर श्वासाला खड्डा पडत होता. सासूबाई म्हणत होत्या, दात येताहेत. सिस्टरनी घड्याळ फिरवलं, पण मिनिट पुरं होईपर्यंत थांबल्या नाहीत. "रिक्षा बोलाव. चल!"

रिक्षात पोर माझ्या मांडीवर, आणि सिस्टरचा हात तिच्या छातीवर. ओठांभोवती निळं दिसायला लागलं होतं. सिस्टर रिक्षावाल्यावर ओरडत होत्या, "भैया, भगा ना!" आणि मधूनच स्वतःशी म्हणत होत्या, "सकाळी चव्वेचाळीस होते. कशी चुकले मी? कशी चुकले?"

सिरपचं मी सांगितलं नाही. शेजारी सासूबाई होत्या, हे एक कारण. दुसरं कारण जास्त खरं आहे. मी एकीचं सांगितलं असतं तर सगळ्यांचं सांगावं लागलं असतं.

तीन दिवस ऑक्सिजन लागला. पोरगी वाचली. दीड महिन्याने घशाच्या नमुन्याचा कागद आला. व्हायरसच होता, लहान पोरांच्या छातीत उतरणारा. सिस्टरनी तो दोनदा वाचला. "व्हायरल म्हणाले ते बरोबर. घरी जा म्हणाले ते चूक," एवढंच बोलल्या.

त्यानंतर त्या प्रत्येक पोराचे श्वास दोनदा मोजू लागल्या. मग तीनदा. मग साध्या सर्दीच्या पोरांच्या पेपरवरही लाल रेघा येऊ लागल्या. डॉक्टर वैतागले, "सिस्टर, सगळंच गाव आत पाठवणार का?" नव्या आलेल्या नर्सना त्या सांगायच्या, "माझी एकदा चूक झालीय, पोर जाता जाता राहिलं. आपल्या डोळ्यावर फार विसंबू नका." माझी खिडकी तिथून चार हातांवर होती. मी पेपर लिहीत राहायचे. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतः होऊन ड्रेसिंगची खोली मागून घेतली आणि श्वास मोजणं सोडलं. सिरपचा सल्ला देणं मी पोरगी आजारी पडली त्याच आठवड्यात बंद केलं होतं. तेवढ्यावर मी माझी समजूत घालत होते.

त्या थंडीनंतर सहा वर्षांनी त्या रिटायर झाल्या. निरोपाच्या दिवशी दुपारी अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, समोसे आले होते. त्या ड्रेसिंगच्या खोलीत एकट्याच कपाट आवरत होत्या. मी आत गेले, दार लोटलं आणि सांगून टाकलं.

त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "किती चमचे?"

"दीड."

"किती वाजता?"

"साडेसातला."

"आणि मी मोजले साडेनऊला." त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "गुंगीत श्वास मंदावतो. म्हणजे चव्वेचाळीसच होते. केसपेपर, मी बरोबर मोजले होते!" इतकं मोकळं हसू मी त्यांच्या चेहऱ्यावर सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. मलाही रडू आलं. वाटलं, सुटलो दोघी.

मग ते हसू तिथेच थांबलं.

"तुला हे सुचलं कसं? फक्त तुझ्याच पोरीला पाजलंस?"

मी मान हलवली. नाही.

"आणखी किती जणींना सांगितलंस?"

"आठवत नाही, सिस्टर."

त्या स्टुलावर बसल्या. त्या थंडीत "व्हायरल आहे, घरी जा" म्हणून ज्यांना ज्यांना पाठवलं, ती पोरं त्या आठवू लागल्या. पुटपुटत, बोटांवर. कॅम्प एकच्या बराकीतली जुळी. जांभूळ गावचा तो कुरळ्या केसांचा. पुन्हा कधी न आलेली, हिरव्या स्वेटरमधली. मी "सिस्टर, सिस्टर" म्हणत राहिले. मी खोलीत आहे हेही त्यांच्या लक्षात नव्हतं. बाहेरून फोटोसाठी हाका येत होत्या. त्या उठल्या नाहीत. शेवटी मीच बाहेर गेले आणि म्हणाले, येताहेत.

फोटोवाल्याला पुढे लग्नाची ऑर्डर होती, तो थांबेना. तो फोटो माझ्याकडे आहे. सगळा स्टाफ आहे, डॉक्टर आहेत, मधल्या खुर्चीवर नुसता हार ठेवलाय. त्या खुर्चीमागे मी उभी आहे.